गव्हावाचूनचे सणवार

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात एक प्रकार घडला, तो पुष्कळजणींना आठवत असेल. खाण्याचे ताट फिरत फिरत माझ्या धाकटीपुढे आले. तिने गूळपोळीच्या तुकड्याकडे हात नेला आणि मी सगळ्यांच्या देखत तो हात मागे ओढला. पोरीचे डोळे भरून आले. एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, सणासुदीचं लेकराच्या तोंडचं काय काढतीस? एवढ्याशानं काय हुतंय?" मी तेव्हा गप्प बसले, कारण ते दोन वाक्यांत सांगण्यासारखे नव्हते. पुढे चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या म्हणून गळ घातली. शाहू महाराजांवर आणि अंबाबाईच्या देवळावर लिहिणाऱ्या माझ्याहून शिकलेल्या पुष्कळजणी मंडळात आहेत. तेव्हा मनात आले, आपण त्या ओढलेल्या हाताचाच इतिहास लिहावा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे वाचले ते गरजेपोटी, आणि नर्सिंग शिकणाऱ्या पुतणीने समजावून दिले म्हणून. कोठे चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

धाकटी दोन वर्षांची होईतो बरी होती. पुढे तिचे पोट नगाऱ्यासारखे आणि हातपाय काड्यांसारखे दिसू लागले. दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावयाची, तेही पांढरट, तेलकट आणि उग्र वासाचे. अंगात रक्त नाही, उंची वाढत नाही, स्वभाव किरकिरा. जंताची औषधे झाली, दृष्ट काढून झाली, ताकदीच्या बाटल्या झाल्या. एके ठिकाणी सांगितले की पोर अशक्त आहे, दूध-चपाती भरपूर द्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ चपाती दुधात कुस्करून, गोष्टी सांगत, घास घास भरवीत असे. तीन वर्षे मी माझ्या हाताने तिचे दुखणे तिला भरवीत होते, हे कळले त्या रात्री मला झोप आली नाही. सहाव्या वर्षी एका बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासावयास पाठविले, मग घशातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला, आणि आजाराचे नाव सांगितले : सीलिअॅक.

हा आजार म्हणजे गव्हातील ग्लूटेन नावाचा पदार्थ आतड्याला न सोसणे. ग्लूटेन म्हणजे काय ते आपल्याला पुस्तकावाचून ठाऊक आहे. कणकेचा गोळा पाण्याखाली धुवत राहिले की पांढरे पीठ वाहून जाते आणि मुठीत रबरासारखा चिवट गोळा उरतो, तेच ते. इटलीतील बोलोन्या शहरी बेकारी नावाच्या विद्वानाने १७२८ साली ही धुण्याची रीत सभेत सांगितली आणि १७४५ साली ती छापून आली. त्या चिवटपणामुळेच पुरणपोळी लाटताना फाटत नाही. गव्हाशिवाय सातूतही हा दोष आहे, आणि आपल्याकडे न पिकणाऱ्या राय नावाच्या धान्यातही आहे. निरोगी आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नातला कस ते शोषून घेतात. या मुलांच्या पोटात ग्लूटेन गेले की शरीर आपल्याच आतड्यावर उलटते आणि ते अंकुर झडून मखमल गुळगुळीत होते. मग कितीही दूध-तूप घाला, अंगी लागत नाही. त्याला औषध नाही. जन्मभर गहू वर्ज्य करणे हाच उपाय, आणि चिमूटभर सुद्धा चालत नाही, कारण आतल्या जखमेला चिमूट पुरते.

आता हे कळले कसे, ते ऐका. आजार फार जुना आहे. सुमारे दुसऱ्या शतकात आरिटिअस नावाच्या ग्रीक वैद्याने अन्न न पचता पडून जाणाऱ्या या दुखण्याचे वर्णन करून ठेवले आहे. पोटाला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच सीलिअॅक हे नाव आले. १८८८ साली लंडनच्या डॉ. सॅम्युअल गी यांनी लहान मुलांतील हा आजार नीट लिहून काढला आणि बरा झालाच तर तो पथ्यानेच होईल असे सांगितले. पण कोणते पथ्य, ते त्यांना सापडले नाही. त्यांनी एक मूल पाहिले होते, त्याला रोज हॉलंडातील शिंपल्यांचे मांस खाऊ घालीत. मूल छान सुधारले आणि शिंपल्यांचा हंगाम सरताच पुन्हा पडले. पुढे न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी १९२४ साली केळ्यांचे पथ्य काढले. मुले केळी खाऊन बरी होत, म्हणून सगळे केळ्यांचे गुण गाऊ लागले. खरी गोष्ट अशी की केळ्याने पोट भरले म्हणजे पाव पोटात जात नसे. पानात काय वाढले ते सगळ्यांनी पाहिले, पण पानातून काय गेले तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही!

लक्ष गेले ते एका आईचे. हॉलंडमधील हेग शहरी मुलांच्या इस्पितळात डॉ. विलेम कारेल डिके नावाचे तरुण डॉक्टर होते. १९३६ च्या सुमारास एका तरुण आईने त्यांना सांगितले की, पाव बंद केला की माझ्या मुलाच्या अंगावरचे पुरळ भराभर ओसरते. त्या बाईचे नाव कोठे वाचावयास मिळाले नाही, पण ती घरचीच बाई असणार असे मला आपले वाटते. डॉक्टरांचे मोठेपण असे की त्यांनी तिचे बोलणे बायकी म्हणून सोडून दिले नाही. १९४१ साली गव्हाविना आहारावर त्यांचा पहिला लेख आला.

मग आला १९४४-४५ चा हिवाळा. महायुद्धात जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. लोक बीट आणि ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून खाऊ लागले, सुमारे २०,००० माणसे अन्नावाचून गेली. त्याला भुकेचा हिवाळा म्हणतात. सारा देश वाळत चालला असता सीलिअॅकची मुले मात्र पाव नसल्यामुळे सुधारली, आणि १९४५ च्या वसंतात विमानांतून अन्न उतरून पुन्हा पाव मिळू लागताच ती परत आजारी पडली, असे सांगतात. डिके यांचा संशय त्याआधीचा, हे वरच्या मजकुरावरून लक्षात येईलच. पण भुकेने त्याला जणू साक्ष दिली. युद्ध संपल्यावर त्यांनी मुलांना आळीपाळीने गहू देऊन व बंद करून वर्षानुवर्षे वजने टिपली आणि १९५० साली उत्रेख्त विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. त्यांचे सहकारी वायर्स आणि रसायनशास्त्रज्ञ व्हान द कामर यांनी मुलांच्या शौचातील चरबी मोजून गव्हाचाच दोष सिद्ध केला. तांदूळ आणि मका मात्र निर्दोष ठरले. १९५४ मध्ये इंग्लंडातील डॉ. पॉली यांनी आतड्याची ती झडलेली मखमल दाखवून दिली. डॉ. डिके १९६२ साली, ऐन उमेदीत, सत्तावन्नाव्या वर्षी वारले. हल्लीच्या रक्ततपासणीला आधार असलेला शोध मात्र पुष्कळ अलीकडचा, १९९७ चा. आपल्या देशात उत्तरेकडे, जेथे रोटी रोजची आहे, शंभरात साधारण एकाला हा आजार असतो असे तपासण्यांत आढळले आहे. दक्षिणेकडे भात खाणाऱ्यांत तो फारच कमी. आपण मधले. म्हणून आपल्याकडे पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही.

मी हे सासूबाईंना वाचून दाखविले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग पोरीला अडचण ती कसली? आमच्या लहानपणी गहू सणालाच दिसायचा." सासूबाईंचे माहेर जत तालुक्यातले. घरी बाजरी आणि शाळू. गहू असे तो मडक्यात, पाहुण्यांपुरता. गहू आपल्याकडे नवा आहे असे मात्र समजू नये. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात गव्हाचे मांडे आहेत. पण ते राजाच्या पानात. कुणब्याच्या पानात भाकरी, आणि आपल्या करवीर इलाख्यात पश्चिमेकडे भात व नाचणी, पूर्वेकडे शाळू, असाच क्रम होता.

हा क्रम मोडला तो गेल्या साठ-सत्तर वर्षांत. अमेरिकेने १९५४ साली धान्य परदेशी देण्याचा कायदा केला, १९५६ साली आपल्या सरकारने त्याप्रमाणे करार केला, आणि बोटी भरभरून गहू येऊ लागला. १९६६ च्या टंचाईत तर सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आले. रेशनच्या दुकानात लाल गहू आणि मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळे. १९७२ च्या दुष्काळात सासूबाई सतरा वर्षांच्या होत्या, रोजगार हमीच्या खडीवर जात. मिलोच्या भाकरीचे नाव काढले की अजून तोंड वाकडे करतात. तोवर कल्याणसोना, सोनालिका हे मेक्सिकोच्या वाणांतून निघालेले गहू पंजाबात भरघोस पिकू लागले होते. गहू स्वस्त झाला, सणाची चपाती रोजची झाली, आणि सणाला काहीतरी निराळे हवे म्हणून मैदा पुढे आला. आज फराळाच्या ताटात शंकरपाळी, करंज्या, नानकटाई, शेव घातलेला बाजारी चिवडा यांचीच गर्दी असते. काहीजणी म्हणतात की या नव्या गव्हानेच हा आजार आला. ते खरे नव्हे. गी साहेबांची मुले १८८८ ची आणि आरिटिअसचे रोगी अठराशे वर्षांपूर्वीचे.

सासूबाईंच्या बोलण्यावरून मी एक दिवस पंचांग घेऊन बसले आणि वर्षाचे सण गव्हाच्या नजरेने पाहिले. काय सांगू, अर्ध्याहून अधिक ताट पोरीचेच निघाले. नागपंचमीला जोंधळ्याच्या लाह्या. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खावयाचे नाही, म्हणून गहू आपोआपच बाद. गौरी येतात त्या दिवशी आपल्या कोल्हापुरात नैवेद्य कशाचा? शेपूची भाजी आणि भाकरी! देवीला जे चालते ते माझ्या लेकीला का चालू नये? नवरात्रात वरी, राजगिरा, शिंगाडा. चंपाषष्ठीला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचे भरीत. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मिसळीची भाजी, मुगाची खिचडी. दिवाळीत बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, भाजणीची चकली, आणि अनारसे.

अनारशावर थोडे थांबते, कारण माझ्या मते या मुलांसाठी त्याच्याइतका निर्धास्त पदार्थ दुसरा नाही. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, फडक्यावर निपटून ओलसर असतानाच घरी कुटावयाचे किंवा वाटावयाचे, गूळ मिसळून गोळा मुरत ठेवावयाचा, खसखशीवर थापून तुपात सोडावयाचा. यात कोठेही गिरणीचा संबंध येत नाही. आणि गुळासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. आपली शाहूपुरी ही मुळात शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेली गुळाची व्यापारपेठ. तो बाजार पुढे मार्केट यार्डात गेला, पण कोल्हापुरी गुळाचे नाव राहिले. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. माझी आज्जी अनारशाला पिवळाधमक नव्हे, तर काळपट गूळ घेई. रंग कमी पण जाळी पडतेच, असे ती म्हणे आणि ते खरे आहे.

गिरणीचा संबंध म्हटले तो यासाठी. पथ्य सुरू करून आठ महिने झाले होते. धाकटीचे गाल भरले होते, वर्गात ती पळण्यात दुसरी आली होती. दिवाळी आली. मी मोठ्या ऐटीत चकलीची भाजणी केली. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने, जिरे, सगळे निवडून, भाजून गिरणीत नेले. पोरीने वसुबारसेपासून मनमुराद चकल्या खाल्ल्या. मी कौतुकाने पाहत होते. पाडव्याच्या दिवशी पोट फुगले, भाऊबिजेला उलट्या. पुढचे दोन आठवडे ती अंथरुणात, आणि मी एकेक डबा उघडून गहू शोधीत बसलेली. भाजणीत गव्हाचा दाणा नव्हता. पुतणी सुट्टीला आली तिने विचारले, "काकू, गिरणीत तुमच्या आधी काय दळलं होतं?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आधी कोणाचे तरी पायलीभर गहू निघाले होते, आणि जात्याच्या पाळीत राहिलेले पीठ माझ्या भाजणीत उतरले होते. गिरणीवाल्याचा काय दोष? सर्व गावाचे धान्य तो एकाच पाळ्यात दळतो. आज्जीच्या काळी प्रत्येक घरी आपले जाते होते, तेव्हा हा प्रश्नच नव्हता.

पहिले काही दिवस मी माळ्यावरचे जाते काढून खरेच दळले. खांदे भरून येत. मग भिशीची पाळी लागली त्या पैशांत लहान घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधीच पडत नाही. आम्हां बाकीच्यांचे गहू गिरणीत जातात आणि ते पीठ शेवटच्या फळीवर, झाकण घट्ट.

दुसरा चोर निघाला हिंग! आपण जो डबीतला हिंग वापरतो तो बांधानी हिंग, म्हणजे मूळ तीव्र हिंगात डिंक आणि पीठ घालून बांधलेला. ते पीठ पुष्कळदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते, कधी तांदळाचे. म्हणजे कटाची आमटी, चिवडा, लोणचे, सगळीकडे चिमूट चिमूट गहू. आता मी वेष्टनावरची बारीक अक्षरे भिंग लावून वाचते आणि तांदळाच्या पिठाचा हिंग आणते. तयार पदार्थावर ग्लूटेनमुक्त असे लिहिलेले असेल तर आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन त्यात असू नये. सातूच्या पिठापासून लांबच राहावे. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. आणि कुरडई पांढरीशुभ्र दिसते म्हणून फसू नये. ती गव्हाच्या चिकाची, कितीही धुतली तरी निर्दोष होत नाही. मैद्याच्या करंज्या तळलेल्या तेलातच पोरीच्या चकल्या तळल्या तर केलेले सगळे पथ्य वाया. म्हणून तिचे घाणे आधी काढावयाचे, मग आपले.

राहिली पुरणपोळी. तिच्यापुढे मी हात टेकले. तांदळाच्या पिठाची पोळी लाटली तर तव्यावर जाईतो तिचे चार देश होतात. तो चिवटपणाच नाही तर पुरण धरणार कोण? होळीला पोर ताटाकडे पाहत बसली तेव्हा फार वाईट वाटले. नंतर नागपंचमीला दिंडांची आठवण झाली. त्या दिवशी तवा ठेवीत नाहीत म्हणून पुरण कणकेत घडी घालून उकडतात. मी कणकेऐवजी मोदकासारखी तांदळाची उकड काढली, हळदीच्या पानावर थापली, आत पुरण घालून पान मिटले आणि वाफवले. तेव्हापासून आमच्याकडे पुरण म्हणजे दिंड. मोठा मुलगा पोळी सोडून तिच्या ताटातले पळवितो, आणि ती आरडाओरड करते. तिच्या ताटातले कोणी पळवावे असे याआधी कधी घडले नव्हते.

प्रसादाचे मात्र मला कोडे होते. सत्यनारायणाचा शिरा गव्हाच्या रव्याचा. प्रसाद नाकारू नये असे लहानपणापासून ऐकलेले. आमच्या गुरुजींनाच विचारले. ते हसून म्हणाले, "वहिनी, पंचामृत आणि केळं हाही प्रसादच की. लेकराला ते आधी द्या." आता आमच्या घरच्या पूजेला मी तांदळाच्या रव्याचाच शिरा करते, केळे, तूप, साखर सव्वाच्या मापाने. चव सगळ्यांना आवडते.

एक सांगणे तेवढे राहिले. कोणाच्या मुलाचे असेच पोट फुगत असेल, वाढ खुंटली असेल, तर माझे वाचून घरच्या घरी गहू बंद करू नका. गहू बंद केल्यावर तपासले तर रक्तात काही दिसत नाही, आणि निदान राहून जाते. आधी डॉक्टर, आधी तपासणी, मग पथ्य. आणि निदान झाले तर भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. आम्ही थोरल्याची केली, तो सुटला.

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या फराळासाठी चकलीचे काम यंदा माझ्याकडे आहे. भाजणी घरघंटीवर दळून आणीन, ती सर्वांनाच पुरेल. कपाटात निळ्या झाकणाचा एक डबा, एक झारा आणि एक लहान कढई मी चिठ्ठी लावून ठेवली आहे. ती कढई करंज्यांसाठी कोणी घेऊ नये, आणि त्या डब्यात दुसऱ्या ताटातला चमचा घालू नये. ताट फिरेल तेव्हा निळा डबा आधी फिरवावा, म्हणजे धाकटीला आपल्या हाताने उचलून घेता येईल.